चौघांचा ताळेबंद

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. शाळेत असताना हा मुलगा गणितात हुशार आणि मराठीत जेमतेम. तेव्हा वहीत कविता नसणार, याविषयी मी निश्चिंत होतो. झालेही तसेच. वहीत एक तक्ता होता. डाव्या बाजूला पंधरा ओळी, वरच्या अंगाला चार रकाने आणि घराघरांत लाल शाईने आकडे. थेट वार्षिक परीक्षेचे गुणपत्रक!

“सर, हा क्वीनचा हिशेब,” तो म्हणाला. “पंधरा अल्बम, चार गीतकार. गाण्याला एक गुण, आणि गाणे गाजले असेल तर आणखी एक.”

खाली बेरजा होत्या. फ्रेडी पहिला, ब्रायन त्याच्या पाठोपाठ, रॉजर तिसरा आणि जॉन शेवटचा. परंतु पंधरापैकी दोन ओळींत आकडेच नव्हते. 1989 आणि 1991 या सालांपुढची घरे कोरी होती.

“इथे अडलंय, सर. यांचे गुण कोणाला द्यायचे यावरून आमच्या मंडळींत इतकी भांडणे झाली की दोघांचे बोलणे बंद आहे.”

मी हसलो, पण वही मात्र ठेवून घेतली. ही गाणी मला अपरिचित नव्हती. सुट्टीभर ती मी वही मांडीवर घेऊन, क्रमाने, पुन्हा ऐकली. त्या ऐकण्यातून जे मनात आले ते आज वाचकांपुढे मांडतो.

ज्यांना या नावांची ओळख नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगायला हवेत. क्वीन हा लंडनमध्ये 1970 साली स्थापन झालेला बँड. फ्रेडी मर्क्युरी गाई आणि पियानो वाजवी. ब्रायन मे गिटार, रॉजर टेलर ड्रम आणि 1971 साली येऊन मिळालेला जॉन डीकन बेस गिटार वाजवी. पैकी फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म 1946 सालचा, झांजिबारचा, घराणे पारशी. हा मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला, आणि त्याचा पहिला बँडही त्याच शाळेत, शाळासोबत्यांबरोबर उभा राहिला. सह्याद्रीच्या थंड हवेत ज्या गळ्याने पहिले सूर लावले तो गळा पुढे जगाने ऐकला, याचे कौतुक कोणाला वाटणार नाही?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे गीत एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा, अशी वाटणी असते. या बँडमध्ये शब्द आणि चाल सहसा एकाच माणसाकडून येत, आणि तबकडीवर त्याचे नाव छापले जाई. शिवाय चौघेही गाणी लिहीत. चौघांनीही लोकांच्या ओठांवर बसलेली गाणी दिली, असे बँड फार थोडे. 2003 साली अमेरिकेतील गीतकारांच्या मानाच्या नामावळीत चौघांचाही एकत्र समावेश झाला, तो याचसाठी. तेव्हा ‘कोणाचे किती?’ हा प्रश्न चाहत्यांना पडावा यात नवल नाही.

या मोजदादीला पोरखेळ म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी मी नाही. नाव छापणे हा नुसत्या मानाचा प्रश्न नसतो. त्याच्या पोटात पैशाचा प्रश्न असतो. 1975 साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे फ्रेडीचे गाणे छोट्या तबकडीवर निघाले. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या तबकडीच्या पाठीमागच्या बाजूवर रॉजरचे ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ हे गाणे होते. आपल्या मोटारीवर जीव जडलेल्या माणसाचे हे गाणे. ते मागच्या बाजूला घ्यावे म्हणून रॉजर कपाटात जाऊन बसला होता, अशी आख्यायिका आहे. खरी गोम पुढेच आहे. तबकडी विकत घेणारा पुढच्या गाण्यासाठी घेई. पण तबकडीमागे गीतकाराला मिळणारी रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच. देवाच्या पालखीबरोबर भोयांनाही प्रसाद मिळावा, तसे हे झाले. फक्त इथे प्रसाद देवाइतकाच होता! यावरून बँडमध्ये बराच काळ कुरबुर चालली. पुढे त्या मंडळींनीही हे लपवून ठेवले नाही.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा तक्ता अगदीच हवेतला नाही. खुद्द बँडच्या घरातही असाच एक तक्ता अदृश्य शाईने लिहिलेला होता. प्रश्न एवढाच, की तो तक्ता आपल्याला गाण्याविषयी किती सांगतो?

1974 सालचा ‘क्वीन टू’ घ्या. या तबकडीला पहिली बाजू, दुसरी बाजू नाहीच. आहे ती ‘पांढरी’ आणि ‘काळी’. पांढऱ्या बाजूची पाच गाणी; त्यांतली चार ब्रायनची, एक रॉजरचे. काळ्या बाजूची सहा; सहाही फ्रेडीची. जॉनचे एकही नाही. चाहत्यांना वाद घालण्यासाठी याहून सोयीची तबकडी मिळायची नाही. दोन फौजा समोरासमोर उभ्याच आहेत. माझा कौल काळ्या बाजूला आहे. ब्रायनची बाजू गंभीर, संथ, थोडी धुक्यातली. पण फ्रेडीची गाणी एकाच्या पोटातून दुसरे निघावे तशी निघतात, वाटेत कुठेही वळतात, आणि तरी वाट चुकत नाहीत.

तथापि इथेच तक्त्याचा पहिला दोष माझ्या ध्यानात आला. काळ्या बाजूवर गिटारीचे जे थर चढले आहेत ते ब्रायनच्या हातचे. उंच, काचेसारखा धारदार सूर आहे तो रॉजरचा. गुण मात्र सहापैकी सहा फ्रेडीला. पेपर एकाने लिहिला खरा. पण पेन, शाई आणि निम्मी अक्षरे शेजाऱ्यांची होती!

आता 1975 सालचा ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ पाहू. बारा गाणी. शेवटचे इंग्लंडचे राष्ट्रगीत. ब्रायनने ते केवळ वाद्यांवर मांडलेले. उरलेल्या अकरांत फ्रेडीची पाच, ब्रायनची चार, रॉजरचे एक, जॉनचे एक. आमच्या वहीत जॉनच्या नावापुढे ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ या गाण्याचे दोन गुण आहेत. आपल्या पत्नीसाठी लिहिलेले हे साधे, मायेचे गाणे. त्यातला विजेवर चालणारा पियानो फ्रेडीला आवडेना. म्हणून जॉन स्वतः शिकून तो वाजवायला बसला. दोन गुण ठीक आहेत.

पण याच अल्बमवर ‘गुड कंपनी’ हे ब्रायनचे गाणे आहे. त्यात शेवटी शेवटी एक आख्खा जुना जॅझ वाद्यवृंद वाजू लागतो. ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे, ट्रोम्बोन आहे. वस्तुतः यांतले एकही वाद्य तिथे नव्हते. ते सगळे ब्रायनची एकटी गिटार आहे. ही गिटारही बाजारातली नव्हे. ब्रायनने पोरवयात वडिलांच्या मदतीने ती घरी घडवलेली, आणि तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. हा चमत्कार ब्रायनच्या रकान्यात जमा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ती गिटार ज्या लहानशा यंत्रातून बोलते आहे ते यंत्र कोणाचे? जॉनचे! हा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, मुखदुर्बळ तरुण. रस्त्यावर कचऱ्यात टाकलेला विजेच्या तारांचा एक पट्टा त्याला सापडला, तो त्याने एका जुन्या ध्वनिपेटीत बसवला, बॅटरीवर चालता केला, आणि ब्रायनच्या हाती दिला. ब्रायनच्या गिटारीचे कितीतरी वाद्यमेळ त्या डबड्यातून आलेले आहेत. चाहते आजही त्या पेटीला जॉनच्या नावावरून लाडाने ‘डीकी’ म्हणतात. तक्त्यात तिला रकाना नाही.

हीच गोष्ट ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची. गाणे फ्रेडीचे, याबद्दल दुमत नाही. सारी इमारत त्याच्या डोक्यात उभी होती. परंतु मधला गिटारीचा तुकडा ब्रायनने रचला, ऑपेराच्या भागात सगळ्यांच्या वर जाऊन टिपेला पोहोचणारा आवाज रॉजरचा आहे, आणि तो जो विराट जनसमूह गातोसा वाटतो तो म्हणजे तिघांच्याच आवाजांचे थरावर थर आहेत. मोटारीचे गाणे लिहून रॉजरने फुकट पैसे मिळवले असे म्हणणाऱ्यांनी तो उंच स्वर एकदा काढून पाहावा, आणि मग बोलावे.

तक्त्याचा दुसरा दोष मला 1980 सालच्या ‘द गेम’ने दाखवला. दहा गाणी, फ्रेडीची तीन, ब्रायनची तीन, रॉजरची दोन, जॉनची दोन. न्यायाधीशानेही याहून समान वाटणी केली नसती. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा एकमेव अल्बम. मग तो ‘ऑपेरा’हून सरस आहे का? माझ्या मते नाही. तो नेटका आहे, हुशार आहे, पण ‘ऑपेरा’तले बेभान धाडस त्यात नाही. वाटणी समान झाली म्हणजे कला वाढते असे नव्हे. ज्याच्या अंगात त्या वर्षी वारे शिरले असेल त्याला मोकळे रान देण्यात कधीकधी सर्वांचे भले असते.

तरी त्याच ‘गेम’वर जॉनचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आहे, आणि तिथे आमच्या वहीचा शेवटच्या क्रमांकाचा विद्यार्थी एकदम सगळ्यांच्या पुढे जातो. बेस गिटारीची तीच तीच वेटोळी घेणारी एक ओळ, खाली कोरडा, आखूड ठेका, आणि मध्ये भरपूर रिकामी जागा. अमेरिकेत हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. जॉनला ड्रमचा नाद दबलेला हवा होता. म्हणून रॉजरला ड्रममध्ये पांघरुणे कोंबावी लागली. असला ठेका रॉजरच्या आवडीचा नव्हता, पण त्याने तो वाजवला. जॉन स्वतः गात नसे. फ्रेडीने त्या गाण्यासाठी गळा दुखेपर्यंत आवाज लावला. स्वतःच्या आवडीविरुद्ध दुसऱ्याच्या गाण्यासाठी राबणे, याला गुण किती द्यावेत? मास्तरकीची इतकी वर्षे झाली, पण या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही गुणपत्रकात सापडलेले नाही.

दोष दाखवायचाच तर तोही सांगतो. 1982 सालच्या ‘हॉट स्पेस’मध्ये नाचाच्या ठेक्यांची ही आवड अर्ध्या अल्बमवर पसरली, आणि ब्रायनची गिटार कोपऱ्यात बसली. अनेक चाहत्यांनी तेव्हा तोंड फिरवले. मला वाटते, ते जॉनच्या किंवा फ्रेडीच्या गाण्यांवर रागावले नव्हते. चौघांपैकी एक जण घरात असून नसल्यासारखा झाला होता. ती उणीव त्यांच्या कानांना टोचली.

आता 13 जुलै 1985 चा दिवस आठवा. लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम. दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी मोठमोठे कलावंत आले होते. क्वीनच्या वाट्याला सुमारे वीस मिनिटे. त्यांतले दुसरे गाणे ‘रेडिओ गा गा’. धृपदाला मैदानभर पसरलेली हजारो माणसे हात उंच करून एका ठोक्यात टाळ्या वाजवतात, ते दृश्य ज्याने पाहिले तो विसरणार नाही. पुढे उभा फ्रेडी. वाटते, हे त्याचेच गाणे. वस्तुतः ते रॉजरचे. मात्र रॉजरने मूळ कल्पना आणल्यावर ते गाणे घासूनपुसून उभे करण्यात फ्रेडीचा मोठा हात होता, आणि नाव तरीही एकट्या रॉजरचे राहिले. गंमत पाहा: साऱ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या, पण गाणे लिहिणाऱ्याला त्या वाजवता येईनात. दोन्ही हातांत ड्रमच्या काठ्या होत्या! आणि त्या वीस मिनिटांत जॉनचे एकही गाणे नव्हते. तो मागे उभा राहून शांतपणे दुसऱ्यांची गाणी वाजवत होता.

आता आपण वहीतल्या कोऱ्या ओळींपाशी येऊ. 1989 साली ‘द मिरॅकल’ निघाला आणि त्यावरच्या प्रत्येक गाण्यापुढे एकच नाव छापले गेले: क्वीन. आधीही असे एखाददुसऱ्या गाण्याला झाले होते. आता तो नियम झाला. निवड करताना ‘हे माझे, ते तुझे’ हा विचार मध्ये येऊ नये आणि गाण्याची गुणवत्ता तेवढी पाहावी, हे कारण त्यांनी दिले. त्याच सुमारास फ्रेडीच्या गंभीर आजाराची कल्पना साथीदारांना आली होती. 1991 च्या ‘इन्युएंडो’वरही तसेच.

इथे माझ्यातला मास्तर थोडा कुरकुरतो. चार मुलांना मिळून एक प्रकल्प दिला की काय होते ते मी जाणतो. एक राबतो, दोघे पाहतात, चौथा मुखपृष्ठावर नावे लिहितो. आणि गुण चौघांना सारखे! सामाईक नावामागे आळशी लपू शकतो, तसाच कष्टाळूही दडून जातो. मोटारीच्या गाण्यावरून भांडण झाले असेल, पण चार नावे वेगळी छापली जात होती म्हणूनच 1974 साली पहिले गाणे देणाऱ्या जॉनला सहा वर्षांत आपला रकाना भरून दाखवावासा वाटला, असेही म्हणता येईल.

परंतु चाहत्यांनी हार मानली नाही. कोणी मुलाखती वाचल्या, कोणी नुसत्या कानाने ओळखले, आणि हळूहळू उमगले की ‘इन्युएंडो’च्या शेवटचे ‘द शो मस्ट गो ऑन’ हे मुख्यतः ब्रायनचे आहे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या नटाचे हे गाणे सारे जग फ्रेडीचा निरोप म्हणून ऐकते. ते ब्रायनने लिहिले. पहिल्या कडव्यापुरता फ्रेडी त्याच्याबरोबर बसला होता. चाल इतकी उंच की आजारी माणसाला ती पेलेल का, अशी ब्रायनला शंका होती. फ्रेडीने घोटभर व्होडका घेतली आणि गाणे गाऊन टाकले. ते ऐकताना कोणाच्या रकान्यात गुण घालावेत? ज्याने मित्राच्या मनातले ओळखून लिहिले त्याच्या, की ज्याने शरीर साथ देत नसताना ते खरे करून दाखवले त्याच्या?

24 नोव्हेंबर 1991 रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सच्या आजाराने फ्रेडी गेला. डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा निघाले आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. या खेपेला त्याच्या जोडीला ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्हज’ हे गाणे होते. मागे वळून बालपणाकडे आणि सरल्या दिवसांकडे पाहणाऱ्या माणसाचे गाणे. त्याच्या चित्रफितीत फ्रेडी शेवटचा कॅमेऱ्यापुढे आला. अंगाने खंगलेला, पण हसतमुख. तबकडीवर नाव ‘क्वीन’ असे होते. लिहिणारा मुख्यतः कोण? रॉजर!

वाचकहो, मी ही गोष्ट वहीत पडताळून पाहिली आणि क्षणभर स्तब्ध झालो. 1975 साली फ्रेडीच्या याच गाण्याच्या पाठीवर रॉजरचे गाणे होते, आणि त्याच्या पैशावरून घरात कुरबुर झाली. सोळा वर्षांनी त्याच गाण्याच्या जोडीला पुन्हा रॉजरचेच गाणे आले. या वेळी त्यावर त्याचे नाव नव्हते, आणि मिळकत एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे गेली. आधीच्या गाण्यात रॉजर स्वतः गायला होता, स्वतःच्या आवडीबद्दल. नंतरचे त्याने फ्रेडीच्या तोंडी शोभेल असे लिहिले. या दोन तबकड्यांच्या मध्ये जे घडले ते आमच्या वहीत कुठेच नाही, आणि क्वीनचा खरा इतिहास तोच आहे असे मला वाटते.

तेव्हा मोजू नये असे मी म्हणत नाही. मोजावे. मोजले नसते तर जॉनची पेटी, रॉजरचा उंच स्वर, ब्रायनचे निरोपाचे गाणे यांचा पत्ताच लागला नसता. सारे श्रेय पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात पडले असते. तक्ता मांडणाऱ्या चाहत्याने निदान मागच्या रांगेकडे पाहिले, एवढे पुण्य त्याच्या नावावर आहे. पण ‘कोणी किती लिहिले’ एवढेच मोजून थांबणे म्हणजे घरात कोणी किती कमावले ते लिहावे, आणि कोणी कोणासाठी रात्री जागून काढल्या ते सोडून द्यावे, तसे आहे.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी तो विद्यार्थी वही न्यायला आला. कोऱ्या ओळी मी कोऱ्याच ठेवल्या होत्या. फक्त उजव्या बाजूला पट्टीने एक पाचवा रकाना आखून त्यावर लिहिले होते: ‘दुसऱ्याच्या गाण्यात काय केले?’

त्याने ते वाचले, डोके खाजवले आणि म्हणाला, “सर, पण याला आकड्यात गुण कसे द्यायचे?”

“ते तुमच्या मंडळींनी ठरवा,” मी म्हटले. “ज्या दोघांचे बोलणे बंद आहे ना, त्यांना हे काम द्या.”

परवा त्याचा फोन आला. रकाना अजून पहिल्या चार अल्बमांच्या पुढे सरकलेला नाही; पण ते दोघे आता रोज संध्याकाळी एकत्र बसून गाणी ऐकतात, आणि भांडण नव्याने सुरू झाले आहे.